रूमचा पासवर्ड कोणाकडे?

उपनगरातल्या माणसाला स्पर्धा कशी भरवावी हे शिकवावे लागत नाही. बोरिवली असो की मुलुंड, चार मुले आणि एक टेबल जमले की कॅरमची स्पर्धा उभी राहते. सोडतीच्या चिठ्ठ्या कोणी उचलायच्या, पंच म्हणून कोणाला बसवायचे, चषकावर कोणाच्या वडिलांचे नाव घालायचे, हे वर्षानुवर्षे ठरून गेलेले असते. गोरेगावच्या ‘प्रबोधन’ने आंतरशालेय क्रीडामहोत्सव भरवून दाखवला. १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगने तर भर पावसात क्रिकेट खेळण्याचाही शिस्तशीर बंदोबस्त केला. मग याच इमारतींतली मुले मोबाईलवरच्या खेळाची स्पर्धा भरवतात, तेव्हा ती इतकी निनावी आणि बेहिशेबी का होते?

माझ्या पिढीच्या वाचकांसाठी थोडे खेळाविषयी सांगणे भाग आहे. ‘बॅटलग्राउंड्स’मध्ये शंभरापर्यंत खेळाडू छत्रीने एका बेटावर उतरतात. शस्त्रे शोधायची, सुरक्षित वर्तुळ आवळत जाते त्याच्या आत राहायचे आणि शेवटपर्यंत तगायचे. संघ चौघांचा. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. स्पर्धा भरवणारा खेळाच्या आत एक खासगी ‘रूम’ उघडतो आणि तिचा क्रमांक व पासवर्ड संघांना कळवतो. पाचसहा डाव होतात. कितवा क्रमांक आला आणि किती प्रतिस्पर्धी टिपले, याच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरतो. बेरीज सोपी आहे. भांडणे बेरजेवरून होत नाहीत. दोन संघांनी आतून संगनमत केले, धाकट्याच्या नावावर थोरला भाऊ खेळला, ऐन मोक्याला नेटवर्क गेले, यांवरून होतात. त्यावर निर्णय द्यायचा कोणी? तर ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याने. तो कोण, कुठे राहतो, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

पैशाचेही तेच. धरून चालू, की पंचवीस संघांकडून प्रत्येकी दोनशे रुपये घेतले. पाच हजार जमले. बक्षीस तीन हजारांचे. उरलेल्या दोन हजारांचे काय झाले, हे विचारायला दार नाही. पैसे गेले ते कुणाच्या तरी खासगी यूपीआय खात्यात, आणि खेळातले त्याचे नाव ‘शॅडो’ किंवा ‘किलर’. माझ्या परिचयातल्या एका मुलाच्या संघाने अशी फी भरली, ठरल्या वेळी रूमचा क्रमांकच आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो ग्रुपही नाहीसा झाला. रक्कम किरकोळ होती. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मात्र किरकोळ रकमेतली अफरातफरच अधिक खटकते. पुढचे वळण तिथेच लागते.

आता यात कायदाही आला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा संमत केला, त्यात पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ सरळ निषिद्ध ठरवला आहे. तो कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा जुना वादच त्याने मोडीत काढला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ई-स्पोर्ट्सला प्रवेश फी आणि कामगिरीवर बक्षीस, दोन्हींची मुभा आहे. पण ती मान्यता आणि नोंदणी असलेल्या ई-स्पोर्ट्सला. गल्लीतल्या स्पर्धेकडे ही नोंदणी कुठून असणार? म्हणजे दोनशे रुपये घेऊन तीन हजारांचे बक्षीस लावणारा घाटकोपरचा एकोणीस वर्षांचा मुलगा, कोणालाही न फसवता, नको त्या व्याख्येत सापडू शकतो. हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

सांगायचे कोणी? मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी. पण आपण या खेळावर रागावण्यातच सारा वेळ घालवला. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली, तेव्हा घरोघरी आयांनी देव पाण्यातून बाहेर काढले. ती बंदी देशाच्या सुरक्षिततेच्या आणि माहितीच्या गोपनीयतेच्या कारणावरून होती, बंड्याच्या गणिताच्या गुणांवरून नव्हे! जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून उतरवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत नेले, आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकेही लागली. रागावण्याने काही थांबलेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की ही स्पर्धा मंडळाने आपल्या नावाने भरवावी. फी अजिबात घेऊ नये. खर्च वर्गणीतून किंवा नाक्यावरच्या दुकानदाराच्या जाहिरातीतून काढावा, तोही मंडळाच्या खात्यातून, दोन सह्यांनी. बक्षीस चषकाचे. मैदान आपले नाही, कंपनीचे आहे. तेव्हा तिचे नियम आधी वाचावेत आणि लागेल तिथे परवानगी घ्यावी. मुलांना सभागृहात समोरासमोर बसवावे. संगनमत करणाऱ्याला शेजारच्या खुर्चीवरून डोळ्याला डोळा भिडवून खेळणे जड जाते. सोसायटीच्या एका वायफायवर मात्र साठ फोन चढवू नयेत. ते कोसळणारच. ज्याने त्याने आपला डेटा वापरावा आणि नेटवर्क गेल्यास डाव पुन्हा होणार की नाही, हे आधीच फळ्यावर लिहावे.

पुष्कळ मंडळांत हे ऐकून कपाळाला आठ्या पडतील. बंदुकांचा खेळ गणपतीच्या मांडवात कसा, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे. मांडवात नको, शाळेच्या सभागृहात घ्या, आणि लहानांना त्यातून वगळा. २०२३ मध्ये हा खेळ परतला तो अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा घेऊनच. अर्ध्या तासाचे सहा डाव लावले, की ते तीन तास संपले. सकाळी घरी सराव केलेला मुलगा शेवटच्या डावात बाहेर फेकला जाईल. तेव्हा अशा मुलांसाठी चारच डाव ठेवावेत. प्रवेशिकेवर वयाचा रकाना आणि पालकाची सही हवी. आणि पासवर्ड सांगणारा मुलगा पंचांच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा बसवावा. त्याच्या शेजारी खजिनदार, पावतीपुस्तक घेऊन.