एकास एक लढत पुरेशी नाही

विरोधकांच्या आघाडीचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट जागावाटपावर येते. मतविभागणी टाळा, एकास एक उमेदवार द्या, सत्ताधारी पडतीलच, असा तो हिशेब. मलेशियाचा अनुभव या हिशेबाला साथ देत नाही. तिथे 2013 मध्ये अन्वर इब्राहिम यांचा पक्ष, डीएपी आणि इस्लामी विचारांचा ‘पास’ हे तीन विरोधी पक्ष बहुतेक ठिकाणी एकास एक लढले. मते मिळाली जवळपास 51 टक्के, जागा मात्र 222 पैकी 89. मतदारसंघांची रचनाच ग्रामीण भागाला झुकते माप देणारी असल्याने सत्ताधारी ‘बारिसान नॅशनल’ आघाडीने 47 टक्के मतांवर 133 जागा राखल्या. पुढे 2018 मध्ये ‘पास’ वेगळा झाला, ठिकठिकाणी तिरंगी लढती झाल्या, आणि तरीही सहा दशके सत्तेत असलेले बारिसान 79 जागांवर आले. विरोधकांची मोट मोडली असताना हा विजय मिळाला, याचा अर्थ नीट लावायला हवा.

‘वनएमडीबी’ या सरकारी निधीचा घोटाळा आणि 2015 पासूनचा सहा टक्के जीएसटी यांमुळे लोक संतापले होते, हे खरेच. पण संतापलेल्या मतदारालाही उद्या कारभार कोण पाहणार हे कळावे लागते. जानेवारी 2018 मध्येच विरोधकांनी ते सांगून टाकले: बारिसानचेच माजी पंतप्रधान महाथिर पंतप्रधान, अन्वर यांच्या पत्नी वान अझीझा उपपंतप्रधान, आणि तुरुंगातील अन्वर यांना राजाची माफी मिळाल्यावर पद त्यांच्याकडे. ज्या महाथिरांनी 1998 मध्ये अन्वर यांना मंत्रिमंडळातून काढले, त्यांच्याशीच हा करार झाला. ही तर सत्ताधाऱ्यांतलीच फूट होती, असा आक्षेप घेतला जातो. फूट होतीच, पण बाहेर पडलेल्याला सामावून घेण्याची तयारी विरोधकांनी दाखवली नसती, तर ती वाया गेली असती.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सरकार दोन वर्षेही टिकले नाही. माझ्या मते त्याचे बीज त्याच करारात होते. पद कोणाकडे जाईल हे ठरले, कोणत्या तारखेला जाईल हे ठरले नाही. त्या संदिग्धतेवरून कुरबुरी वाढत गेल्या आणि फेब्रुवारी 2020 मध्ये सरकार कोसळले. अन्वर पंतप्रधान झाले ते नोव्हेंबर 2022 मध्ये, आणि त्यासाठी त्यांना बारिसानचाच पाठिंबा घ्यावा लागला.