पुंजणीचा हात रेग्युलेटरपर्यंत

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की नागपूरहून वरोऱ्यामार्गे भद्रावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर यात्रेकरूंच्या गाड्या दिसू लागतात. दुकानाला दोन दिवस सुट्टी, मुलांना नाताळची रजा, आणि स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाची ओढ. गाडीतली मागची एक बाकांची रांग काढलेली असते. तिथे गाळलेल्या पाण्याचे पिंप, खाखऱ्यांचे डबे, पिठाची पिशवी, दोन बर्नरची शेगडी, आणि चादरीत गुंडाळून बाकाला टेकवलेला लाल सिलिंडर. दर्शनानंतर पुढे ताडोबा, मूल, गडचिरोली, आणि सवड असली तर आलापल्लीच्या सागवनापर्यंत जायचा बेत असतो.

हे स्वयंपाकघर सोबत घेण्यामागे हौस कमी आणि गरज अधिक असते. भद्रावतीच्या धर्मशाळेत भोजनशाळेची सोय आहे. परंतु तीर्थाचे आवार सोडले की परिस्थिती पालटते. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. तिथल्या रस्त्यांवर गावे विरळ, खानावळी त्याहून विरळ, आणि कांदा-लसूण-बटाट्याशिवायचे ताट मिळणे दुर्मीळच. त्यात डिसेंबरात या पूर्वेकडच्या टोकाला सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाला पाच वाजता जिथे असेल तिथे जेवण उरकावे लागते. साधू-साध्वींच्या विहारात सोबत राहणाऱ्या सेवेकऱ्यांनाही आपल्या जेवणासाठी हीच व्यवस्था करावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केल्यापासून चाकांवरच्या घराची कल्पनाही आता परकी राहिलेली नाही. तेव्हा गाडीत शेगडी असावी की नसावी, हा प्रश्न नाही. ती कशी असावी, हा आहे.

गॅसचा स्वभाव समजून घेतला की निम्मे काम होते. प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे हे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूपात असते. बाहेर पडताच ते सुमारे अडीचशे पट पसरते. ते हवेपेक्षा जड असते, म्हणून वर न जाता खाली बसते. घराच्या स्वयंपाकघरात गळती झाली तर गॅस दाराखालच्या फटीतून बाहेर जाण्याचा संभव तरी असतो. गाडीत तो बाकांखाली, गालिच्यावर, सामानाच्या खाचांत साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास पोहोचले की एक ठिणगी पुरते, आणि गाडीत ठिणगीला तोटा नसतो: चावी फिरवणे, दिव्याचे बटण, मोबाईल चार्ज करणारा इन्व्हर्टर. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. पण धूप, लोणचे आणि झोपलेली माणसे असलेल्या बंद गाडीत तो वास वेळेवर कळेलच असे नाही.

याची किंमत यात्रेकरूंनीच मोजली आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी पहाटे पाचच्या सुमारास मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या एका खासगी पर्यटक डब्याला आग लागली. लखनौहून निघालेले तीर्थयात्री त्यात होते. डब्यात नियमाविरुद्ध गॅसचा सिलिंडर आणलेला होता. नऊ जणांचा मृत्यू झाला. रेल्वेत सिलिंडर नेणे हा रेल्वे कायद्याच्या १६४व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. संघयात्रेसाठी संपूर्ण डबा आरक्षित केला म्हणून ही बंदी उठत नाही, हे यात्रासंघांच्या संयोजकांनी विशेष लक्षात ठेवावे.

दुसरा धोका आवाज न करता येतो. चंद्रपूर म्हटले की उन्हाळा आठवतो. परंतु जंगलपट्ट्यातील पौषाची रात्र चांगलीच बोचरी असते. गाडीत झोपलेल्या लहानग्यांसाठी शेगडी मंद ठेवावी किंवा गॅसचा हीटर लावावा, असे कुणालाही वाटेल. इथेच थांबायला हवे. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे बारा-तेरा घनमीटर हवा लागते, आणि छोट्या प्रवासी व्हॅनच्या आत एकूण हवाच जेमतेम तेवढी असते. काचा बंद असताना ज्योत आणि माणसे एकाच हवेवर जगू लागतात. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आवेगाने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि झोपेतला माणूस झोपेतच राहतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळहून गेलेले आठ पर्यटक, त्यांत लहान मुलेही, एका खोलीत असेच गेले. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद होत्या आणि गॅसचा हीटर सुरू होता. म्हणून गाडीतली ऊब रजया, लोकरीचे कपडे आणि गरम पाण्याच्या रबरी पिशव्यांनीच मिळवावी. परदेशी कॅराव्हॅनमधील हीटर वेगळे असतात: त्यांची ज्योत बंद कोठीत जळते, हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो. घरची शेगडी किंवा खोलीत ठेवायचा हीटर त्यांची जागा घेऊ शकत नाही.

स्वयंपाकाच्या बाबतीत सर्वांत साधा नियम असा, की शेगडी गाडीतून न्यावी, पण गाडीत पेटवू नये. मोकळ्या, सपाट जागी, वाऱ्याला आडोसा करून, गाडीपासून दूर ती मांडावी. सिलिंडर नेहमी उभा असावा. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत भडकते. प्रवासात रेग्युलेटर काढून, झडपेवर सुरक्षा टोपी लावून, सिलिंडर पट्ट्याने घट्ट बांधावा. ज्यांनी स्वतंत्र कॅराव्हॅन बांधून घेतली आहे, त्यांनी सिलिंडरसाठी आतून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर झरोका असलेला कप्पा करवून घ्यावा, म्हणजे गळलेला गॅस खाली रस्त्यावर उतरेल.

व्यापारी घरात हिशेब आधी होतो. तो इथेही करावा. मध्यम बर्नर तासाला साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे पाच किलोचा छोटा सिलिंडर पंचवीस ते तीस तास चालतो. आठ माणसांचा स्वयंपाक आणि उकळलेले पाणी धरूनही चार-पाच दिवसांची यात्रा त्यात सहज होते. मग घरचा १४.२ किलोचा सिलिंडर कशासाठी उचलायचा? तो नोंदलेल्या घराच्या वापरासाठी असतो. पाच किलोचा अधिकृत सिलिंडर गॅस वितरकांकडे आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून मिळतो. इंडेनचा ‘छोटू’ हा त्यातलाच. मात्र बाजारात बिनछापाचे स्वस्त छोटे सिलिंडरही मिळतात आणि ते कुठल्याशा गल्लीत मोठ्या सिलिंडरमधून भरून दिले जातात. तिथे वाचवलेले दोनशे-चारशे रुपये हा नफा नव्हे.

घेताना सिलिंडरच्या वरच्या कड्याखालील पट्टीवरचे अक्षर वाचावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा अंक वर्षाचा. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नये. नळी आयएसआय चिन्हाची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, काडी पेटवून कधीच नाही. गळतीच्या तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. परंतु भामरागड-एटापल्लीच्या वाटेवर मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. तिथे आपली दक्षता हीच मदत.

वनातले नियमही वेगळे आहेत. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात विस्तव पेटवण्यावर निर्बंध घातले आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून पानगळीचा पाचोळा कोरडाठक्क होतो आणि वणव्याचा हंगाम सुरू होतो. एका ठिणगीने कोसभर रान आणि त्यातले असंख्य जीव जळतात. म्हणून शेगडी गावाजवळ, विश्रामगृहाच्या आवारात किंवा परवानगीच्या जागीच मांडावी. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे: चंद्रपुरात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही, आणि उन्हात उभ्या बंद गाडीची भट्टी होते. तिच्यात सिलिंडर ठेवून दर्शनाला जाऊ नये.

एका गोष्टीत मात्र आपला आचार आधीच रक्षण करतो. चौविहार पाळणाऱ्याची शेगडी सूर्यास्ताआधी विझते. झोपेच्या वेळी गाडीत ज्योत उरत नाही. नवकारशी पाळणाऱ्याला सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत चहाची घाई नसते; पहाटेच्या काळोखात, अर्धवट झोपेत, बंद जागी काडी ओढण्याची वेळच येत नाही. नियम पाळताना शेगडीबरोबर सिलिंडरची झडपही बंद झाली, एवढे पाहिले की पुरे.

पूर्वी घरातल्या आजी चूल पेटवण्याआधी लाकूड आपटून घेत, त्यातली मुंगी-कीड बाजूला करीत. नंतर गॅस आला, तेव्हा बर्नरवरून मऊ पुंजणी फिरू लागली. सूक्ष्म जिवासाठी थांबणाऱ्या या हाताला जयणा म्हणतात. हीच पुंजणी यात्रेच्या सामानातही असते. तिच्या शेजारी साबणाच्या पाण्याची एक बाटली ठेवावी. बर्नर पुंजून झाला की तोच हात नळीवरून, जोडावरून, रेग्युलेटरपर्यंत जावा. कारण त्या गाडीत झोपलेली नातवंडेही जीवच आहेत.