खुर्ची कुठल्या परंपरेतली?

प्रेक्षकाला खुर्चीवरून उठवून गोष्टीच्या आत नेणारे दोन प्रकार गेल्या काही दशकांत जगभर वाढले. लार्पमध्ये प्रेक्षक नसतोच. जमलेला प्रत्येक जण एक पात्र घेतो, त्याचा पोशाख चढवतो आणि काही तास किंवा काही दिवस त्या पात्राच्या वतीने बोलतो, भांडतो, तह करतो. पोलंडमधल्या चोखा किल्ल्यात २०१४ साली भरलेली जादूगारांची शाळा हे त्याचे गाजलेले उदाहरण. जर्मनीत तर उन्हाळ्यात हजारो खेळाडूंच्या फौजा माळावर राहुट्या ठोकतात. इमर्सिव्ह थिएटरमध्ये नट आणि प्रेक्षक वेगळे असतात, पण दोघांच्या मधला रंगमंच काढून टाकलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये २०११ ते २०२५ चाललेल्या ‘स्लीप नो मोअर’मध्ये ‘मॅक्बेथ’ची गोष्ट अनेक मजल्यांवर एकाच वेळी घडे आणि पांढरे मुखवटे घातलेले प्रेक्षक हव्या त्या नटाच्या मागे जात.

पुण्यात या प्रकारांवर एक मत ठरून गेले आहे. ते असे: हे परदेशी खूळ आहे, मराठी प्रेक्षक शब्द ऐकायला येतो, जिने चढायला नव्हे. नाटक म्हणजे संहिता. प्रेक्षकाने तोंड उघडले की नाटक संपले. शिवाय हा पैसेवाल्यांचा खेळ. आणि भव्यच काही हवे असेल तर ते ‘जाणता राजा’ने केव्हाच करून दाखवले आहे. पहिल्या मुद्द्यात जे परके असते ते शेवटच्या मुद्द्यात आपलेच आणि जुनेही निघते. दोन्ही मुद्दे एका दमात मांडता येणे ही या मताची खरी कमाई.

परकेपणाचा मुद्दा आधी घेणे भाग आहे, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाडा होतो. त्यात गणपती, नरसिंह, रावण अशी सोंगे संबळाच्या ठेक्यावर रात्रभर गावातून नाचत जातात. कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. रंगमंच म्हणजे गावाचा रस्ता. आणि मुखवट्यामागचा माणूस कोण, हे सगळ्या गावाला ठाऊक असूनही त्याच्या पाया पडणारे पडतात. तळकोकणातल्या दशावतारात संकासुर प्रेक्षकांची टिंगल करतो आणि प्रेक्षकही त्याला सोडत नाहीत. महाराष्ट्राबाहेर पाहायचे तर काशीजवळच्या रामनगरची रामलीला महिनाभर चालते. अयोध्या, जनकपूर, लंका यांच्या जागा गावात आणि गावाबाहेर कायमच्या ठरलेल्या आहेत. राम वनवासाला निघाला की हजारो माणसे त्याच्या मागून चालू लागतात. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत. हे सारे परदेशी असेल, तर देशी काय उरते?

उरते ती खुर्ची, आणि तीच नेमकी बाहेरून आलेली आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले ते राजवाड्यात. मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या इंग्रजी धाटणीच्या नाटकगृहात त्यांची मंडळी पोचली १८५३ साली. समोर चौकट, पुढे पडदा, खाली रांगेने आसने हा थाट तेव्हापासून मराठी नाटकाच्या अंगवळणी पडत गेला. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर तर १९६८ सालचे. तिथला आसनक्रमांक आणि मध्यंतरातला बटाटावडा यांना सनातन धर्माचा दर्जा देणे भक्तीला शोभते, इतिहासाला नाही.

संहितेचा मुद्दा याहून लवकर निकालात निघतो. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदे गाई आणि पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी रचत. राक्षसांच्या आरोळीवरून पुढच्यांनी त्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. लिहून छापलेले, म्हणजे तेव्हाच्या बोलीत ‘बुकिश’, नाटक आले ते ‘थोरले माधवराव पेशवे’च्या रूपाने, १८६१ साली. म्हणजे मराठी रंगभूमीची पहिली अठरा वर्षे या व्याख्येनुसार नाटकाविनाच गेली. पैसेवाल्यांविषयी एवढेच, की संगीत नाटकाच्या वैभवकाळातले भरजरी शालू आणि अत्तरे काही वर्गणीच्या चिल्लरीतून येत नव्हती.

‘नाटक नव्हे’ हा शेरा तसा जुना आणि बराच वापरलेला आहे. तो तमाशावर मारला गेला, पथनाट्यावर मारला गेला. पन्नास वर्षांपूर्वी याच शहरात नाना फडणविसांना नाचवले म्हणून एका नाटकावर गहजब झाला, ते नाटक पुढे परदेशांत मराठी रंगभूमीचा नमुना म्हणून गेले. उलट जिथे नाटक खरोखर घडते, तिथे ते कोणाला दिसत नाही. सार्वजनिक गणेशोत्सव पहिल्यांदा कोणी बसवला, या वादावर पुण्यात दर भाद्रपदात शाई सांडते. पण त्या उत्सवाने पेठांमधल्या पोरांना नट कसे बनवले, याकडे त्या वादातल्या दोन्ही बाजूंचे लक्ष जात नाही.

आता ‘जाणता राजा’. बाबासाहेब पुरंदरे यांचे हे महानाट्य १९८५ साली रंगमंचावर आले. फिरता रंगमंच, हत्ती, घोडे, उंट, शेकडो कलाकार. त्याच्या भव्यतेविषयी वाद नाही. पण पाहणारा तिथे बसूनच राहतो. हत्ती कितीही जवळून गेला तरी प्रेक्षकाला आग्र्याला जावे की न जावे हे ठरवता येत नाही. आकार आणि सहभाग या निराळ्या गोष्टी आहेत. बारा माणसांचा लार्प एका खोलीत होतो. उलट टोकाला जाऊन वारीलाच ‘आपले इमर्सिव्ह थिएटर’ म्हणणारे उत्साही लोकही भेटतात. वारकरी कोणाची भूमिका करत नसतो. त्याला या चर्चेत ओढण्याचे कारण नाही.

पुण्यात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जातो तो गणेशोत्सवातला जिवंत देखावा. मंडळाचे कार्यकर्ते आणि गल्लीतली मुले आधीपासून तालीम करतात. मांडवातल्या अरुंद मंचावर प्रतापगड किंवा पावनखिंड घडते, कधी हुंडाबळी, कधी शेतकऱ्याची आत्महत्या. रस्त्यावर लोक लेकरांना खांद्यावर घेऊन उभे असतात, प्रयोग संपला की गर्दी पुढे सरकते आणि तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. उत्सवभर एकच भूमिका जगणे हा अनुभव इथल्या कितीतरी मुलांना आहे. उणीव एकच: संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. नट ओठ हलवतो. अफझलखान रोज रात्री अनेकदा मरतो आणि एकदाही त्याला वेगळे काही बोलता येत नाही.

म्हणून मांडायचे ते थोडके आहे. सहभागाची कसोटी म्हणजे भाग घेणाऱ्याला निर्णय घेता येतो का, ही. पुण्याच्या इतिहासात अशा खेळाला सामग्री भरपूर आहे, आणि बारभाईंचे कारस्थान तर जवळजवळ तयार खेळ आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले, नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर. सखारामबापू, नाना फडणवीस, हरिपंत फडके आणि बाकीचे मुत्सद्दी एकत्र येत आहेत, पण एकमेकांवर भरवसा कोणाचाच नाही. मूल मुलगा होईल की मुलगी, आणि दादा मुंबईकर इंग्रजांकडे वळतील का, याचा अंदाज करूनच प्रत्येकाने बाजू निवडायची. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, हे वाचकाला ठाऊक असते. खेळात पाळण्यात कोण येईल हे चिठ्ठीवर ठेवले, की बापूंच्या दोन्ही डगरींवरच्या पायांचा अर्थ खेळणाऱ्याला आपोआप कळू लागतो. यासाठी हत्ती लागत नाही. एखाद्या जुन्या वाड्याचा चौक, पंधरा-वीस माणसे आणि आधी नीट समजावून सांगितलेले नियम पुरतात: खेळ थांबवण्याचा एक ठरलेला शब्द, अंगाला हात लावण्याची मर्यादा, आणि शेवटी पोशाख उतरवून सगळ्यांनी एकत्र बसून बोलणे. युरोपातले लार्प करणारे हे पाळतात.

खरी अडचण प्रेक्षकाच्या रक्तात नसून कागदपत्रांत आहे. महाराष्ट्रात नाट्यप्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षणासाठी सादर करावी लागते, आणि बारभाईंच्या खेळात कोण काय बोलणार हे कोणालाच आधी ठाऊक नसते. पात्रांच्या चिठ्ठ्या, घटनाक्रम आणि नियमावली यांना संहितेच्या जागी ग्राह्य धरणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.