लुंगीची बाजू

लुंगीला कोणी पोशाख म्हणत नाही. पाहुणे दारात आले, की घरातील मोठी माणसे घाईघाईने आत जातात आणि पँट चढवून बाहेर येतात. फोटो काढायचा असला, तरी लुंगी आधी बदलली जाते. बँकेत, कचेरीत जाताना ती खुंटीवरच राहते. जे कापड माणसाला सर्वांत जास्त आराम देते, त्याचीच त्याने लाज धरावी, हे मला पटत नाही. म्हणून आज मी लुंगीची बाजू मांडणार आहे. ती तुम्हांला पटते का, हे तुम्हीच ठरवा.

आधी आपल्या हवेचा विचार करा. आपले अहमदपूर बालाघाटच्या डोंगराळ भागात आहे, तरी मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो. घाम येतो तो अंग थंड करण्यासाठी. पण घाम वाळला तरच अंग थंड होते आणि तो वाळायला वारा लागतो. पँट मांड्यांना आणि गुडघ्यांना चिकटून बसते. मग वारा जाणार कोठून? लुंगी खालून मोकळी असते. चालताना तिच्या घेरातून हवा खेळत राहते. भर दुपारी वीज जाऊन पंखा थांबला, म्हणजे हा फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

बसण्याउठण्याचेही तसेच आहे. आपण जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवे बसून भांडी घासतो, नळावर वाकून पाय धुतो. घट्ट पँटमध्ये यांतले एकही काम सुखाने होत नाही. वजू करताना पँटचे पाय दुमडावे लागतात आणि दुमडलेला पाय हमखास खाली घसरून भिजतो. लुंगी जरा वर धरली, की झाले. पायाला प्लास्टर घातलेल्या माणसाला विचारा. तो तर लुंगीला दुवाच देईल.

आता पाण्याची गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, लातूरला, पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. पहिल्या गाडीने सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. तुम्ही तेव्हा लहान असाल किंवा जन्मलाही नसाल. पण घरच्या मोठ्यांना ते दिवस चांगले आठवतात. ज्या भागाने असा उन्हाळा पाहिला, त्याने कपडे धुण्याच्या पाण्याचाही हिशेब ठेवला पाहिजे. जाड जीन्स भिजवायलाच बादलीभर पाणी लागते. ती पिळताना दोघे जण लागतात. एवढे करूनही तिचा कमरेचा पट्टा आणि खिसे संध्याकाळपर्यंत ओलेच असतात. सुती लुंगी थोड्या पाण्यात निघते आणि कडक ऊन असेल, तर तासाभरात वाळते.

शिवाय लुंगीला माप नाही. साधारण दोन मीटरचे कापड, एक शिवण, बस्स! बटन तुटत नाही, चेन अडकत नाही. वडिलांची लुंगी मुलाला होते आणि मुलाची आजोबांना. मुलगा वर्षात चार बोटे वाढला, तर पँट आखूड होते. लुंगी मात्र त्याच्याबरोबर राहते. रात्री तीच अंगावर पांघरायची, शेतात तीच डोक्याला गुंडाळायची. विरली, की तिची बाळासाठी झोळी होते. त्यानंतर ती वाकळीच्या थरात जाते. पँटला असे दुसरे आयुष्य क्वचितच मिळते.

शब्दांचीही एक गंमत सांगतो. ती तुम्हांला इतर मराठी मुलांपेक्षा लवकर समजेल. मराठीत पायजम्याला ‘विजार’ म्हणतात. हा शब्द ‘इजार’वरून आला. विजारीची नाडी म्हणजे तुमचा इजारबंद. पण अरबीत इजार म्हणजे कमरेला गुंडाळायचे कापड. हजच्या वेळी पुरुष जी दोन न शिवलेली वस्त्रे नेसतात, त्यांतल्या खालच्या वस्त्राला इजारच म्हणतात. म्हणजे आपल्या विजारीच्या नावातच एक लुंगी दडून बसली आहे!

पँटचा मान मोठा वाटतो, पण ती मुळात घोडेस्वारांची गरज होती. मध्य आशियाच्या वाळवंटी भागात सुमारे ३ हजार वर्षांपूर्वीच्या लोकरी विजारी थडग्यांमध्ये सापडल्या आहेत. घोड्यावर बसायचे, तर दोन पाय वेगळे झाकावे लागतात. आपल्यापैकी कितीजण घोड्यावर बसून शाळेत येतात?

तुम्ही म्हणाल, लुंगी गरिबांची, तिला मान कसा मिळणार? स्कॉटलंडकडे पाहा. तेथील डोंगराळ भागातील पुरुष ‘किल्ट’ नावाचे चौकड्यांचे लोकरी वस्त्र कमरेला गुंडाळत. जुना किल्ट इतका लांबरुंद असे, की रात्री तोच पांघरूण होई. १७४६ मध्ये तेथील बंड मोडल्यावर इंग्रज सरकारने कायदा करून या पोशाखावर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांची कैद होती! ही बंदी १७८२ मध्ये उठली. आज त्याच देशात नवरदेव मोठ्या दिमाखात किल्ट घालून लग्नाला उभा राहतो. वस्त्र तेच होते. लोकांची नजर बदलली.

आपल्याकडेही असे घडले आहे. २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबने वेष्टी, म्हणजे दाक्षिणात्य धोतर, नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत सोडले नाही. त्यावर तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून अशी आडकाठी बंद केली. न्यायमूर्तींसाठी कायदा झाला, याचा मला आनंद आहे. पण हमालाला, रिक्षावाल्याला अडवले, तर एवढी धावपळ कोण करील? २०१३ मध्ये ढाक्याच्या एका श्रीमंत वस्तीत रिक्षावाल्यांना लुंगी नेसून येण्यास मनाई झाली. तेव्हा शहरातील तरुण स्वतः लुंग्या नेसून निषेधासाठी रस्त्यावर उतरले. मला ते तरुण फार आवडतात.

आणि आता खरे बोलू या. शाळेत पालकसभा असते, तेव्हा काही मुले वडिलांना सांगतात, “अब्बा, लुंगीवर येऊ नका.” वडील गप्प बसतात, शेजाऱ्याची पँट मागतात किंवा कामाचे निमित्त सांगून येतच नाहीत. मग तुमच्या अभ्यासाबद्दल शिक्षकांना जे बोलायचे असते, ते ऐकायला कोणीच नसते. त्यांना यायचे तसे येऊ द्या. शिक्षक त्यांच्याशी तुमच्या गुणांविषयी बोलणार आहेत.

लुंगी सगळीकडे चालते, असे मात्र मी म्हणणार नाही. मळणी यंत्राजवळ, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ ती अजिबात नको. सैल कापड क्षणात ओढले जाते आणि माणूस जिवाला मुकतो. सायकलवर आणि मोटारसायकलवरही सावध राहावे. शाळेचा गणवेश पँटचा असेल, तर पँटच घाला. घरी आल्यावर मात्र ती खुंटीवर जाऊ द्या. बाजारात लुंगी घ्यायला गेलात, तर चकाकी पाहू नका, सूत पाहा. कापड उजेडात धरा. वीण दाट दिसली, तरच घ्या. आणि पहिल्यांदा ती वेगळी धुवा, नाहीतर तिचा रंग अम्मीच्या पांढऱ्या ओढणीला लागेल आणि मग लुंगीची बाजू घ्यायला मीही येणार नाही!