जबडा जुळला, श्वासाचे काय?

मोडलेला जबडा जुळून येईपर्यंत वरचे व खालचे दात तारांनी किंवा रबरी कड्यांनी चार ते सहा आठवडे एकमेकांस बांधून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. धातूच्या लहान पट्ट्या वापरात आल्यापासून तिची गरज घटली, पण संपलेली नाही. या उपचारातील खरा धोका हाडाला नसून श्वासाला आहे. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवस सूज वाढत राहते. जिभेखाली रक्त साकळल्यास जीभ मागे रेटली जाते. उलटी झाली तर बांधलेल्या तोंडातून ती सहज बाहेर पडत नाही.

प्राणवायूवाचून मेंदू जेमतेम चार-पाच मिनिटे तग धरतो. नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावी या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली, २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या सोयींचे मोल मोठे आहे. परंतु जेथे हिशेब मिनिटांचा, तेथे वेगवान गाडीलाही उशीरच होणार.

रुग्णालयात अशा रोग्याच्या उशाशी तार कापण्याची पक्कड ठेवण्याचा दंडक आहे. मग रोगी घरी निघताना तीही त्याच्याबरोबर का जाऊ नये? उलटी होताच त्याला बसवून पुढे वाकवावे, तोंड मोकळे करावे. तरीही श्वास अडला तर वरचा व खालचा जबडा जोडणाऱ्या तेवढ्याच तारा कापाव्यात, हे घरच्यांना हाती पक्कड देऊन शिकविता येते. अडाणी हातांनी शस्त्रक्रियेची नासाडी होईल, असा आक्षेप घेतला जातो. पण जबडा पुन्हा बांधता येतो. गेलेला प्राण परत आणता येत नाही.

अर्थात पक्कड हा सर्व संकटांवरचा उपाय नव्हे. घशालाच सूज आली असेल तर गळ्यातून श्वासाला वाट करून देण्याचे काम डॉक्टरांचेच. म्हणून आडवे पडवेनासे होणे, लाळ गिळता न येणे, श्वासाला घरघर लागणे, जिवाची तगमग होणे ही लक्षणे दिसताच, श्वास कोंडण्याची वाट न पाहता, रोग्याला हलविले पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनाही गळ्यातून वाट करून देण्याचा सराव हवा.

या सूचना इंग्रजी कागदावर लिहून कर्तव्य संपत नाही. अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला त्या त्याच्या बोलीत समजल्या, त्याने त्या करून दाखविल्या, तरच त्याला घरी सोडावे. शल्यवैद्याची जबाबदारी रुग्णालयाच्या दारापाशी नव्हे, रोग्याच्या उंबरठ्यापाशी संपते.