चित्राखाली ओळ हवीच

यंदा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत कुंडी भंडाऱ्याची छायाचित्रे भरपूर आली. एका ठिकाणी "चित्र 4 पाहा" असे होते. पाहिले तर शाही किल्ल्यातील हमाम! मध्ये एक फोटो वाढला आणि हाताने घातलेले सगळे क्रमांक चुकले.

वर्डमध्ये चित्राला 'इन्सर्ट कॅप्शन' दिले आणि मजकुरातील उल्लेख 'क्रॉस-रेफरन्स'ने जोडला, की शेवटी कंट्रोल-ए व एफ9 दाबताच क्रमांक जुळतात. पण ओळीत काय लिहायचे हे संगणक सांगत नाही. "सुंदर दृश्य" म्हणजे कशाचे? "आहुखाना, जैनाबाद, 1631 मध्ये मुमताज महलचे पहिले दफन येथे" असे लिहा. फोटो कोणी काढला, माहिती कोठून घेतली, तेही लिहा. आजोबांकडून ऐकले असेल तर तसे सांगण्यात कमीपणा नाही.

सूची शेवटी असते. कोणता शब्द कोणत्या पानावर, ते ती सांगते. अनुक्रमणिका वेगळी. (हिंदीत 'विषय-सूची' म्हणत शिकल्यामुळे मीही गल्लत करीत असे.)

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की प्रकल्प स्पर्धेत रंगीत मुखपृष्ठाचे गुण निम्मे करून ते चित्रओळी व संदर्भांना द्यावेत.