दुर्मिळ रोगाला गावातला दवाखाना

जनुकीय दोषातून उद्भवणारे दुर्मिळ बालरोग मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांनीच हाताळावेत, असे मत रूढ आहे. रुग्ण थोडे, म्हणून गावात सोय परवडत नाही. ज्ञान विशेष, म्हणून ते चार विद्यापीठांतच सापडते. आणि दोष जनुकातलाच, तेव्हा उपाय तरी काय करणार? हा पूर्वपक्ष वरवर पटण्यासारखा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात १९८९ साली डॉ. होम्स मॉर्टन आणि कॅरोलाइन मॉर्टन या दांपत्याने काढलेल्या ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’ या दवाखान्याने मात्र त्याची तिन्ही कलमे तपासायला लावली.

पहिले कलम सरासरीच्या हिशेबावर उभे आहे. मेपल सिरप रोगात ल्युसीनसारखी अमिनो आम्ले शरीरात साठतात आणि लघवीला जळक्या साखरेचा वास येतो. जगभर सुमारे १,८५,००० जन्मांमागे एका बाळाला होणारा हा रोग पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथात सुमारे ३८० जन्मांमागे एकाला होतो. अठराव्या शतकात युरोपातून आलेल्या थोड्या कुटुंबांचा हा विस्तार. लग्ने आपसातच होत गेली आणि मूळ पुरुषांपैकी एखाद्याचा सुप्त दोष दोन्ही बाजूंनी नातवंडा-पतवंडांत उतरला. जगाच्या कोष्टकात दुर्मिळ असलेला रोग तिथे शेजारच्या घरात आढळतो. तेव्हा ‘दुर्मिळ’ म्हणताना कोणत्या गावात, हे आधी विचारायला हवे.

दुसरे कलम अर्धे खरे आहे. ज्ञान विद्यापीठातच होते, पण रोगी तिथे नव्हते. १९८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात मॉर्टन यांनी मेनोनाइटांसारख्याच आमिश पंथातल्या एका मुलाच्या लघवीचा नमुना तपासला, तेव्हा ग्लुटारिक ॲसिडुरियाचे निदान झाले. अशा मुलांना तोवर सेरेब्रल पाल्सीच्या सदरात टाकले जाई. या रोगात बाळ जन्मतः धडधाकट दिसते. मग साधा ताप किंवा उलट्या-जुलाब होतात, खाणे सुटते, शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागते, आणि लायसीनच्या विघटनातून तयार होणारी विषारी द्रव्ये मेंदूतला हालचालींवर ताबा ठेवणारा भाग निकामी करतात. ही इजा काही तासांत होऊ शकते आणि ती भरून येत नाही. फिलाडेल्फिया शंभरेक किलोमीटर दूर. घोडागाडीने फिरणाऱ्या कुटुंबाने ताप चढताना तिथे कसे पोहोचावे? शिवाय मेपल सिरप रोगात ल्युसीनचे प्रमाण पुन्हा पुन्हा मोजून उपचार बदलावे लागतात. अहवाल आठवड्याने आला, तर तो फक्त फायलीत लावण्याच्या कामाचा. म्हणून मॉर्टन यांनी प्रयोगशाळा दवाखान्याच्याच छपराखाली आणली.

तिसऱ्या कलमात ‘बरा होत नाही’ आणि ‘उपाय नाही’ यांची गल्लत आहे. जनुक बदलले नाही तरी इजा टाळता येते. जन्मतःच तपासणी, लायसीन कमी असलेले खास दूध, आणि आजारपणात प्रथिने तात्पुरती बंद करून शिरेतून ग्लुकोज, एवढ्यावर पुष्कळ मुले वाचतात. पूर्वी ग्लुटारिक ॲसिडुरियाच्या बहुतेक मुलांच्या मेंदूला इजा होई. असे उपचार वेळेवर मिळालेल्यांत ती क्वचित होते. मोठ्या इस्पितळाची गरज संपत नाही, हेही खरे. मेपल सिरप रोगाच्या मुलांसाठी २००४ पासून यकृत प्रत्यारोपण होऊ लागले ते पिट्सबर्गलाच.

सर्वांत भक्कम आक्षेप वेगळाच आहे: हा एका बंदिस्त समाजाचा अपवाद. लसूणघासाच्या शेतात दवाखान्याची लाकडी इमारत शेजाऱ्यांनी इर्जिक घालून उभी केली. खर्चाचा मोठा वाटा गोधड्या आणि फर्निचरच्या लिलावांतून येतो. ही ऊब सरकारी आदेशाने निर्माण होत नाही, हे मान्य. पण जातीतच लग्ने आणि मामाच्या मुलीवर हक्क सांगणारी रीत असलेल्या आपल्या देशाने याला परका अपवाद म्हणावे, हे नवलाचे. अगरवाल समाजात आढळणाऱ्या, डोके वाढत जाणाऱ्या एका मेंदूविकाराचे वर्णन मुंबईतल्याच डॉक्टरांनी केले आहे. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांना सिकलसेल नवा नाही.

भारताच्या २०२१ च्या दुर्मिळ रोग धोरणानुसार उपचारासाठी आता कमाल ५० लाख रुपये मिळू शकतात, पण ते ठरावीक केंद्रांमार्फत. मुंबईचे केईएम त्यांपैकी एक. महागड्या औषधांसाठी ही रचना समजण्यासारखी आहे. ग्लुटारिक ॲसिडुरियासारखा रोग असलेल्या भामरागड किंवा धडगावच्या तापलेल्या बाळाला मात्र त्या रात्री लागते ती तालुक्याच्या रुग्णालयातली ग्लुकोजची बाटली, आणि आईच्या पिशवीतले एक पत्र: रोगाचे नाव, बंद करायचा आहार, सुरू करायच्या सलाइनचे प्रमाण, आणि रात्री उचलला जाईल असा केंद्राचा फोन नंबर.